गिरणीच्या वाटेवर कोणी जात नाही

शांब्रेलच्या मेयर कचेरीबाहेर काचेचा एक फळा आहे. सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी त्यावर नवा कागद लागला. मोरिसेत ब्रुनोल शेजारच्या व्हेर्नाजू गावाहून पाव घेऊन सायकलवर घरी निघाली होती. फळ्यावर नवं काही दिसलं की ती उतरून वाचायचीच, मग ते कुणाच्या हरवलेल्या मांजराचं का असेना.

कागदावर लिहिलं होतं, की जुन्या गिरणीकडे जाणारी ग्रामीण वाट आता कोणाच्याही वापरात नाही, सबब ती श्री. तिबो शासान्य यांना विकण्याचा परिषदेचा विचार आहे. येत्या सोमवारपासून पंधरा दिवस चौकशी चालेल, ज्यांची हरकत असेल त्यांनी कचेरीतल्या वहीत लिहावी.

मोरिसेतने ते तीनदा वाचलं. मग वाकून आपल्या सायकलकडे पाहिलं. मडगार्डला शासान्यच्याच गाईंचं शेण लागलं होतं. अजून ओलं होतं. अर्ध्या तासापूर्वी ती त्याच वाटेने आली होती.

ती पाव काखेत धरून तशीच आत गेली. मेयर रेजिस फोशे कॉफी पीत बसला होता. मोरिसेतने एकतीस वर्षं गावच्या शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधलं होतं, त्यामुळे पन्नाशीच्या आतला अर्धा गाव तिच्या हातचं खाऊन वाढलेला. रेजिसही त्यातलाच.

"रेजिस, बाहेर काय लावलंयस ते?"

"या बाई, बसा. कसला कागद? वाटेचा? औपचारिक गोष्ट आहे हो. तिबोची दोन्ही कुरणं त्या वाटेमुळे तुटलीत. त्याला ती जोडायची आहेत."

"जोडू दे की. पण कोणी जात नाही, हे कोणी लिहिलं?"

"म्हणजे… जवळपास कोणी नाही."

"मी रोज जाते. बावीस वर्षं जातेय. मी कोणीच नाही का?"

रेजिस हसला. "तसं कुठं म्हटलं मी? पण एकटं माणूस म्हणजे जनता नव्हे, बाई."

"मग किती लागतात?"

"आता कायद्यात आकडा थोडाच दिलाय."

"मग आकडा नसताना तू मला वजा कसं केलंस?" मोरिसेत म्हणाली. आणि ती बाहेर पडलीसुद्धा.

त्या वाटेवाचून तिचं अडणार होतं, हे खरंच होतं. शांब्रेलची बेकरी बंद होऊन बावीस वर्षं झाली होती. व्हेर्नाजूला जायला दुसरा रस्ता म्हणजे मोठी सडक. त्या सडकेवरून लाकडाचे ओंडके लादलेले ट्रक दिवसभर धावतात. एप्रिलमध्ये व्हेर्नाजूची शिक्षिका बेरांजेर सायकलवरून शाळेत जाताना अशाच एका ट्रकच्या वाऱ्याने खड्ड्यात फेकली गेली. ट्रकवाल्याला पत्ताही नव्हता. गिरणीच्या वाटेवर मात्र चेस्टनटची झाडं, डाव्या हाताला ओढा आणि शासान्यच्या गाई. तिथे सायकल चालवताना आपला श्वास आपल्याला ऐकू येई. मोरिसेतचा नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने त्या वाटेवर रोज मोठमोठ्याने त्याच्याशी भांडून घेतलं होतं, आणि ते कोणी ऐकलं नव्हतं. पण हे कारण वहीत लिहिण्यासारखं नव्हतं.

शेजारचा आर्सेन कुलो पूर्वी गावच्या रस्त्यांवर कामाला होता. शहात्तर वर्षांचा, एक गुडघा कामातून गेलेला. तो टोमॅटोच्या वाफ्यात उभा राहून सगळं ऐकत होता.

"ते डांबर मी ओतलंय," तो म्हणाला. "एकोणऐंशीच्या जूनमध्ये. बुटांचे तळवे वितळले होते माझे. आणि हे म्हणतात कोणी जात नाही. तू वहीत लिही. चांगलं झणझणीत लिही."

"लिहीन. पण लिहायला काय, त्यांनीही लिहिलंच आहे. मी जाऊन दाखवणार. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला, पंधरा दिवस. मोजायचं तर मोजा म्हणावं."

"एकटी?"

"येशील तर दुकटी."

"गुडघा बघ माझा."

"गुडघा एकच गेलाय ना? पायडल दोन असतात."

तिने व्हेर्नाजूच्या बेकरीत एक चिठ्ठी चिकटवली. गिरणीच्या वाटेने सायकलवर जायचं असेल त्यांनी आठला आणि पाचला पुलाशी यावं. घोषणा नाहीत, फलक नाहीत, नुसतं जायचं. आपला फोन नंबर तिने लिहिला नाही. यायचं असेल तो येईल, फोनवर सबबी कोण ऐकत बसणार.

सोमवारी पाऊस होता. पुलाशी ती एकटी. मंगळवारीही एकटी. बुधवारी शाळेला सुट्टी म्हणून बेरांजेर आली, आणि तिच्यामागून पुतणीची लाल सायकल घेऊन आर्सेन. सीट त्याला फार खाली पडत होतं, गुडघे हँडलला लागत होते. "हसायचं नाही," त्याने आधीच बजावलं. दोघी हसल्याच. गुरुवारी गिरणीत राहणारं डच जोडपं आलं; गिरणीला सडकेकडूनही रस्ता होता. ते दोघं इतके उंच, की आर्सेन म्हणाला, हे आले म्हणजे चार मोजायला हरकत नाही.

शुक्रवारी सकाळी वाटेवर आडवी तार लागली होती. गाईंसाठी लावतात ती विजेची तार. एका टोकाला प्लास्टिकची मूठ होती. मोरिसेतने मूठ धरून तार काढली, सगळ्यांना पलीकडे जाऊ दिलं आणि तार परत जिथल्या तिथे अडकवली. ती वळली तर तिबो शासान्य कुरणाच्या फाटकाशी उभा. चाळिशीचा, आडव्या बांध्याचा, डोळ्यांखाली कायम झोप साचलेली.

"मोरिसेतबाई, तुम्हाला दुसरं काही काम नाही का?"

"नाही. निवृत्त आहे मी."

"मला आहे. रोज चौदा तास. दिवसातून दोनदा माझ्या गाई ही वाट ओलांडतात, आणि दरवेळी मला बघावं लागतं की मधे कोणी सायकलवाला तर नाही ना."

"म्हणजे सायकलवाले असतात तर."

तिबोचे कान लाल झाले. "माझ्या बापाने तुम्हाला इतकी वर्षं जाऊ दिलं, त्याची ही परतफेड?"

"तुझ्या बापाने जाऊ दिलं नाही, तिबो. जाऊ द्यायला वाट त्याची नव्हती. त्याला ते माहीत होतं, म्हणून तो मला नमस्कार करायचा. तुझी नाही, माझीही नाही. तू तुझी कुरणं सांभाळ, गाई ने, मी थांबते. बावीस वर्षांत तुझ्या एका गाईला तरी मी घंटी वाजवली का?"

"तुम्ही लहानपणी मला बीट खायला लावायचात," तो एकदम म्हणाला. त्याला नक्की काय म्हणायचं होतं, ते त्यालाही कळलं नसावं.

"खाल्लंस का कधी?"

"नाही."

"मग? तू ऐकलं नाहीस, तशी मीही ऐकणार नाही."

दुसऱ्या आठवड्यात पुलाशी नऊजण जमू लागले. त्यात परिषदेच्या एका सदस्याची बायको होती. नवऱ्याला सांगून आली का, असं कोणी विचारलं नाही. मग मंगळवारी पाच वाजता वाटेच्या अगदी चिंचोळ्या जागी गवताच्या गोल गाठोड्यांनी भरलेला ट्रेलर आडवा उभा दिसला. ट्रॅक्टर नाही, तिबो नाही. एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला खंदक, खंदकात अंगाची आग करणारी कंबरेएवढी झुडपं.

"परत फिरू," बेरांजेर म्हणाली.

"तुम्ही फिरा." मोरिसेतने सायकल खांद्यावर घेतली आणि ती खंदकात उतरली. दहा पावलं नीट गेली. अकराव्याला शेवाळ्यावरून पाय सटकला, सायकल एकीकडे आणि ती एकीकडे. डावं मनगट अंगाखाली आलं. उठून तिने आधी सायकल वर ढकलली, मग स्वतः चढली. रडली नाही, पण ओठ पांढरे पडले होते. डच माणसाने तिला गाडीतून दवाखान्यात नेलं. हाताला प्लास्टर बसलं. डॉक्टर म्हणाली, पाच आठवडे सायकलचं नावसुद्धा काढायचं नाही.

त्या रात्री, खरं सांगायचं तर, मोरिसेतला वाटलं की पुरे झालं. एका हाताने बटाटा सोलता येईना, ब्लाउजचं बटण लागेना. एक्काहत्तराव्या वर्षी खंदकात पडायचं ते कशासाठी, कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. मग तिला रेजिसचं ते हसणं आठवलं, एकटं माणूस म्हणजे जनता नव्हे, आणि तिने बटाटा सालासकट उकडला.

सकाळी चौकशी अधिकारी जागा पाहायला येणार होत्या. मादाम व्हिनातिए, निवृत्त भूमापक, पायात रबरी बूट, गळ्यात कॅमेरा. बरोबर रेजिस. त्यांनी वाटेने चालायला सुरुवात केली तेव्हा समोरून मोरिसेत येत होती, एका हाताने सायकल ढकलत. मागे आठ सायकली आणि आर्सेनची लाल सायकल.

"तुम्ही सायकल चालवत नाही?" मादाम व्हिनातिएंनी विचारलं.

"पाच आठवडे मनाई आहे. पण वापर म्हणजे बसूनच करायचा, असं कायद्यात लिहिलंय का?"

"नाही," त्या म्हणाल्या.

ट्रेलर तिथेच होता. तिबोला घाईने बोलावलं गेलं. चाक पंक्चर झालं, म्हणून राहिला, असं तो म्हणाला. मादाम व्हिनातिए ट्रेलरभोवती फिरल्या. चारही चाकं त्यांनी बुटाच्या टोकाने दाबून पाहिली. टणक होती.

"मादाम," मोरिसेत म्हणाली, "या वाटेने कोणी जात नाही असं कागदावर आहे. मग हा आडवा लावलाय तो कुणाला अडवायला, तेवढं विचारून घ्या."

रेजिस झाडांकडे बघू लागला. मादाम व्हिनातिएंनी फोटो काढले, वहीत बराच वेळ लिहिलं. तिबोने मान खाली घातली. मग तो मोरिसेतच्या प्लास्टरकडे पाहून हळूच म्हणाला, "हे मला कळलं नव्हतं."

"आता कळलं ना? काढ तो."

त्याने ट्रॅक्टर आणला आणि ट्रेलर काढला.

अहवाल नोव्हेंबरमध्ये आला. वाट नियमित वापरात असल्याचं दिसतं, विक्री करता येणार नाही. परिषदेच्या बैठकीला गावकरी मागच्या खुर्च्यांवर बसू शकतात, तिथे मोरिसेत आणि आर्सेन जाऊन बसले. ठराव मागे घेतला गेला. रेजिसने चष्मा काढून पुसला. चेहऱ्यावर हरल्याची चीड होती आणि ती त्याने लपवलीही नाही.

"वाट राहील," तो म्हणाला, "पण एक सांगतो, तिच्यावर यापुढे गावाकडून डांबराचं एक घमेलंही पडणार नाही. खड्डे पडले तर पडले."

"डांबर कोणी मागितलं?" मोरिसेत मागून म्हणाली.

"आणि बाई, राग मानू नका, पण तुम्ही आणखी किती वर्षं जाणार त्या वाटेने? तुमच्यानंतर कोण जाणार आहे?"

सगळी परिषद टेबलाकडे बघू लागली. आर्सेन उठायला लागला, तिने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

"माझ्यानंतरचं माझ्यानंतर विचार, रेजिस. तेव्हा तुला उलट उत्तर द्यायला मी नसेन, मग बोल काय बोलायचं ते. उद्याचं विचारत असशील तर उद्या आठ वाजता मी जाणार आहे. परवाही."

प्लास्टर ऑक्टोबरच्या अखेरीसच निघालं होतं. मनगट अजून ताठ होतं, ब्रेक दाबताना कळ दंडापर्यंत जायची. सकाळी धुकं पडलं होतं आणि पुलाशी बेरांजेरखेरीज कोणी नव्हतं. थंडी लागताच बाकीचे गळाले होते. मोरिसेतला त्याचं वाईट वाटलं, पण थांबण्याइतकं नाही. तिने हातमोजे चढवले, नाक पुसलं आणि बेरांजेरला म्हणाली, "चल, पाव गार होतील."

दोघी वाटेला लागल्या, शेजारी शेजारी, सगळी रुंदी व्यापून.