नळीतली खरवड

ताईची पूड फसली, असं त्या शेडमध्ये कोणी तोंडातून काढायचं नाही. कोणी म्हणजे कोण, तर तिचा धाकटा भाऊ. दुसरं होतंच कोण तिथे? घरामागे पत्र्याची शेड, तिच्यात एक मोठं मशीन, एक छोटं हातमशीन, एक सूक्ष्मदर्शक आणि ही दोन भावंडं. दोघांचेही केस पिकायला लागलेले, पण भांडण जुंपलं की वय विसरायची.

दोघं मिळून रोपांच्या कुंड्या करायची. रोप कुंडीसकट मातीत लावायचं, मुळं पसरायला लागेपर्यंत कुंडी मातीत विरून जायची. प्लास्टिकच ते, पण मातीतल्या जंतूंना खाता येईल असं. भानगड एवढीच, की ते वितळून पुन्हा थंड होताना त्याचे स्फटिक दोन तऱ्हांनी जमतात. माल तोच, वजन तेच, हातात घेऊन फरक कळायचा नाही. पण एका तऱ्हेचे स्फटिक जंतू एका हंगामात फस्त करतात, आणि दुसऱ्या तऱ्हेचे वर्षानुवर्षं ढिम्म हलत नाहीत. तशा कुंडीत रोपाची मुळं बिचारी गोल गोल फिरून गुदमरतात.

मग हवी ती तऱ्हा आणायची कशी? दुधाला विरजण लावतो, तशी. वितळलेल्या मालात योग्य असे बारीक कण असले की स्फटिक त्यांना धरून वाढतात, आणि कण नेतील त्या वळणावर जातात. कॉलेजातली नोकरी सोडून ताईने असं एक विरजण शोधलं होतं, एक पांढरी पूड. चिमूटभर टाकली की कुंड्या मातीत अगदी ठरल्यासारख्या विरायच्या. ती पूड म्हणजे ताईचा जीव की प्राण. बरणीला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपायचा नाही.

अशात एका मोठ्या कारखान्याच्या बाईंनी ती पूड घ्यायचं मनावर घेतलं. बघायला येते म्हणाल्या. धाकट्याला मुळातच घासायचं वेड. पाहुणे येणार म्हटल्यावर तो कंबर कसून उठला. वितळलेला माल ज्या नळीतून पुढे जातो, ती त्याने साबण लावून पितळी ब्रशने आतून अशी घासली, की तिच्यात बघून भांग पाडावा. जुन्या मालाची जळकी, तपकिरी खरवड पापुद्र्यांनी निघाली. ती त्याने केरात टाकली आणि खुशीत आंघोळीला गेला.

दुसऱ्या दिवसापासून पूड चालेना.

सूक्ष्मदर्शकाखाली दाट, बारीक दाणे दिसायला हवेत, तिथे मोठी मोठी वलयं. म्हणजे ती न विरणारी, हट्टी जात! मशीन बिघडलंय म्हणून ताईने बाईंची भेट पुढे ढकलली आणि भावाला फैलावर घेतलं. "साबण राहिलाय आत. कोणी सांगितला होता हा शहाणपणा?" तो मान खाली घालून पुन्हा घासायला बसला. पुन्हा वलयं. पुन्हा तीच बोलणी. "तुझ्या हातात काही दिलं की वाटोळं ठरलेलं," असं ती एकदा जेवताना म्हणाली, तेव्हा तो भरल्या ताटावरून उठला. तेव्हापासून कामापुरतंच बोलायचा. ताईला ते बोचायचं. पण आपली पूड खोटी ठरण्यापेक्षा भाऊ चुकलेला बरा, एवढा हिशेब माणसाचं मन गुपचूप करतंच. तिचंही करत होतं.

भेट आणखी टाळणं शक्य नव्हतं. बाई दुपारी येणार, त्या सकाळी ताईला कोपऱ्यातलं हातमशीन आठवलं. मोठ्या मशीनबरोबर कितीतरी दिवस तेही चालायचं. मग खोक्यांमागे गेलं ते गेलंच, म्हणून ब्रशच्या तडाख्यातून सुटलं होतं. निदान दाखवायला एक चांगली कुंडी निघेल, म्हणून तिने ते तापवलं. पहिला घाणा बिनपुडीचाच काढायचा असतो, नळीतलं जुनं वाहून जावं म्हणून. तो फेकायचाच. फेकण्याआधी तिने सहज त्याचा एक तुकडा काचेखाली धरला.

दाणे! दाट, बारीक, देखणे दाणे. आणि पूड तर अजून बरणीतच होती.

ताईने बरणीचं झाकण चाचपून बघितलं, घट्ट होतं. पुडीशिवायच आणखी घाणे काढले, तेच. पुडीशिवाय काय होतं हे बघणं म्हणजे अगदी पहिली परीक्षा. ती तिने केली होती, पण एकदाच, मशीन नवं कोरं असताना. तेव्हा वलयं आली, म्हणजे पूड हवीच, असं तिने धरून ठेवलं. तसं पाहिलं तर पूड घालूनही सुरुवातीला वलयंच यायची; प्रमाण जमत नाही म्हणायची ती. मग हळूहळू प्रमाण जमलं. कसलं डोंबलाचं प्रमाण! नळीला खरवड धरत गेली, तिचे कण मालात उतरत गेले, आणि नाव पुडीचं झालं. वर्गात जन्मभर 'पुन्हा करून बघा' म्हणून पोरांना दटावणारी ही बाई!

धाकटा चहा घेऊन आला. तिचा चेहरा बघून त्याने न राहवून विचारलं, "काय झालं गं?" तिने सगळं सांगितलं.

"बाईंना हे सांगू नकोस," तो म्हणाला. "मी मशीन बिघडवलं म्हण. इतकी वर्षं राबलीस त्या पुडीपायी. ढकल माझ्यावर, मला आता सवय झालीये."

ताईने त्याच्या हातातला कप घेतला आणि स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

दुपारी बाई आल्या. स्टूल ओढून बसता बसता म्हणाल्या, "काय मग, झालं का मशीन ठीक?"

धाकट्याने तोंड उघडलं, पण ताई आधी बोलली. "मशीनला काही झालंच नव्हतं. माझी पूड काही कामाची नाही. काम नळीतली खरवड करत होती. तिच्यात काय होतं ते मला माहीत नाही. ह्याने नळी घासली, म्हणून एवढं तरी कळलं."

बाई बरणीकडे बघत राहिल्या. "तुमच्या भरवशावर आम्ही नवीन साचे करायला सांगणार होतो," त्या म्हणाल्या. मग हातमशीनवरचे तुकडे त्यांनी स्वतः काचेखाली बघितले, काही सापडलं तर कळवा म्हणाल्या आणि निघाल्या. पुन्हा येतील असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

फाटक लागल्याचा आवाज आला. ताई म्हणाली, "चुकलं रे माझं. नको नको ते बोलले तुला."

तो जमिनीकडे बघत होता. "ताई, मी घासलंच नसतं तर?"

"तर मी मरेपर्यंत हुशार राहिले असते," ताई म्हणाली.