फ्रेल म्हणजे काय

मिरच्यांना तीन कडक उन्हं लागली होती, देठ काढून झाले होते. आता भाजायचं आणि घाटकोपरच्या डंकावर कुटायला न्यायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात प्रीतमने आईच्या हातातला कालथा काढून घेतला.

"आई, डॉक्टरांनी रिपोर्टवर काय लिहिलंय? फ्रेल. यंदा मसाल्याचा दुकानवालाच भाजून देईल. तू पंख्याखाली पड."

"मी काय काचेचा भांडा आसंय?" प्रेमाबाई म्हणाल्या.

"वाद नको ना!" त्याने पिशव्या बांधून दाराशी ठेवल्या. संध्याकाळी नेणार होता.

पन्नास वर्षं या घराचा मसाला प्रेमाबाईंच्या हातचा. मिरची कितपत फुलली की उतरवायची, धण्यांचा वास कुठे थांबवायचा, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. यंदा दुकानात गेला की गेलाच, हे त्यांना कळत होतं.

त्यांनी नातीला हाक मारली. "श्रुतिका, फ्रेल म्हणजे गो काय? वीकच ना?"

वीक हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. नवऱ्याला, लवूंना, खोकल्याने धरलं त्या वर्षी गिरणीच्या डॉक्टरने कागदावर तो लिहिला आणि मागावरच्या माणसाला दाराशी स्टुलावर बसवलं. गिरणीला काय माया असणार! पण त्याच भाद्रपदात लवू घरचे कर्ते म्हणून गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायला नारळ घेऊन उभे राहिले, तेव्हा तो नारळ काढून धाकट्या दिराच्या हातात दिला, तो प्रेमाबाईंनीच. "तुम्ही बसा हो, दम लागेल." मायेनेच बोलल्या होत्या. लवू बसले. पुढे सहा वर्षं जगले, खोकलाही निवला, पण नारळाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. कुणी त्यांच्यापुढे तो धरलाही नाही.

"तसंच काहीसं," श्रुतिका मोबाइलवर बघत म्हणाली. "पण वीक म्हणजे ताकद कमी. फ्रेल म्हणजे चटकन मोडेल असं. जपून हाताळायचं."

"हाताळायचं ना? माळ्यावर नाही ना टाकायचं?"

श्रुतिका हसली, मग हसायची थांबली.

संध्याकाळी प्रीतम पिशव्या उचलायला आला, तर प्रेमाबाई दाराशीच बसलेल्या.

"तुझ्या बाबांच्या हातातला नारळ मी घेतला, तेव्हा तू समोर होतास. आठवतं?"

प्रीतमला आठवत होतं. त्याने पिशव्या स्वयंपाकघरात नेल्या आणि स्टूल ओढलं.

"स्टूल नको रे. पाठीची खुर्ची आण. पाठ दुखते, ते काय खोटं नाही."

बेडगी मिरची भाजून झाली, शंकेश्वरी अर्धी झाली, आणि प्रेमाबाईंचं मनगट थरथरायला लागलं. प्रीतमने बघितलं. पुढे झालेला हात त्याने मागे घेतला. प्रेमाबाईंनी कढईत आणखी दोन फेरे मारले, मग स्वतःच कालथा श्रुतिकापुढे धरला.

"धर बाय. धणे मी सांगेन तेव्हाच उतरव. डोळ्यांनी नाही, नाकाने बघ."

मिरचीचा खाट, झोंबरा धूर, घरभर उठला. प्रीतमला ठसक्यावर ठसके लागले, डोळे लाल झाले.

"दम लागला?" प्रेमाबाई म्हणाल्या. "जा, पंख्याखाली पड जरा."