अरुणाकाकू एका मिनिटात उठल्या

मित्रांनो, मी जुना आहे, आणि इतका लहान आहे की तुमच्या समोर असूनही तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. संगणकाच्या पडद्यावरचा एकच ठिपका, तोही बिनरंगाचा. मोहरीच्या दाण्याला निदान फोडणीत तडतडता येतं. मला तेवढंही नाही. माझी कहाणी सांगताना मला माझीच किळस येते. पण पाप चारचौघांत बोलून टाकावं म्हणतात, म्हणून सांगतो.

माझा जन्म २००९ सालच्या जानेवारीत कॅनडातल्या स्कारबरोला झाला. बाहेर गुडघाभर बर्फ होतं. पुष्कर नावाच्या पुण्याच्या इंजिनियरने तिथल्या मराठी मंडळासाठी कीर्तनांची वेबसाइट बनवली होती. एक वृद्ध बुवा पूर्वी दर उन्हाळ्यात कॅनडात यायचे आणि मंदिरात दोन-दोन तास उभं राहून कीर्तन करायचे. बुवा देवाघरी गेले, मागे बारा रेकॉर्डिंग्ज राहिली. काय ती कीर्तनं होती! आधी नमन, मग पूर्वरंग, मग सगळ्यांच्या कपाळी बुक्का, मग रंगत जाणारं आख्यान, आणि शेवटी आरती. ज्या कोणी ती रेकॉर्ड केली, त्याने झांजेचा शेवटचा झंकारसुद्धा तोडला नव्हता.

मंडळाचे अध्यक्ष शशिकांतराव. त्यांना प्रश्न पडला की एवढं लांबलचक ऐकतं तरी कोण. युझर काय करतो ते आपल्याला कळलंच पाहिजे, असं त्यांनी पुष्करला सांगितलं. मग पुष्करने मला बनवलं आणि पानाच्या कोपऱ्यात दडवलं. सभासद आपल्या नावाने आत आला आणि त्याने एखादं बटण दाबलं, की मी नोंद करायची: कोण, कोणतं कीर्तन, कोणतं बटण, किती वाजता. शेवटचं बटण जेव्हा दाबलं, तोवरच तो माणूस ऐकत होता असं धरायचं. माणूस रडतोय की पेंगतोय, ते मला शिकवलेलं नव्हतं. मला शिकवलं होतं फक्त बोट. आणि मी तिथे आहे, ही गोष्ट पानावर एका ओळीनेही कोणाला सांगितली नव्हती. लोक देवाचं ऐकायला येत, आणि मी दाराआड उभा राहून त्यांची बोटं मोजत असे. शी! चोरसुद्धा बरा, त्याला निदान पकडलं जायची भीती असते.

दोन महिन्यांनी माझा रिपोर्ट मंडळाच्या मीटिंगमध्ये भिंतीवर झळकला, सगळ्यांच्या नावांसकट. पुष्करची पाठ थोपटली गेली. तेव्हा मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू? यादीत सगळ्यात वर होते खुद्द शशिकांतराव. ते बुवांचे विनोद तेवढे शोधत कीर्तन पुढे-मागे पळवायचे, त्यामुळे माझ्या हिशेबी त्यांच्याएवढा भाविक अख्ख्या कॅनडात नव्हता. सगळ्यात खाली होत्या स्कारबरो सोडून दूर एडमंटनला राहायला गेलेल्या अरुणाकाकू. काल्याचं कीर्तन, चाळीस वेळा, दर वेळी एक मिनिट.

"या आपल्या अरुणावहिनी," शशिकांतराव हसत म्हणाले. "इथे होत्या तेव्हा आम्हाला दटावायच्या, कीर्तनातून उठू नका. आणि स्वतः नमनालाच पसार."

हॉलभर हशा पिकला. नावं तरी वाचू नका हो, असं मंडळातल्या चित्राताई म्हणाल्या. डेटा खोटं बोलत नाही, असं उत्तर त्यांना मिळालं.

मग ठरलं की पूर्ण कीर्तनं काढायची आणि तीन-तीन मिनिटांचे गमतीदार तुकडे टाकायचे. जागा करायला पुष्करने त्या आठवड्यात सहा कीर्तनं पुसली. पहिलं पुसलं ते काल्याचं. माझ्या म्हणण्याप्रमाणे ते कोणी ऐकतच नव्हतं.

चार दिवसांनी तो वेबसाइट उघडून बसला असताना फोन वाजला. त्याने स्पीकर लावला.

"पुष्कर, काल्याचं कीर्तन कुठे गेलं रे?"

अरुणाकाकू होत्या. पुष्कर चाचरला. तुम्ही एका मिनिटात बंद करता असं दिसतंय, असं कसंबसं म्हणाला, आणि माझ्याबद्दल सगळं सांगून बसला.

"मी सुरू करते, आवाज नीट लावते आणि हात जोडून बसते," त्या म्हणाल्या. "आरती होईपर्यंत बोट हलवत नाही, आईने तसंच शिकवलंय. आणि ह्यांना तर बोट हलवताच येत नाही, अर्धांगाला तीन वर्षं होतील. पण काल्याला बुवा जयजयकार करायचे ना, तेव्हा ह्यांचे ओठ हलतात. अख्ख्या दिवसात तेवढंच बोलतात ते."

काकूंनी आवाज चढवला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तू त्यातलं एक तरी शेवटपर्यंत ऐकलंयस का?"

त्याने ऐकलं नव्हतं.

शनिवारी सकाळी त्याने उरलेल्यांपैकी एक कीर्तन लावलं. चौथ्या मिनिटाला आवाज जरा वाढवला आणि हात मांडीवर ठेवले. आरतीला तो खोलीत एकटाच उठून उभा राहिला. दोन तास झाले होते. मग त्याने माझा रिपोर्ट उघडला. मी लिहिलं होतं: पुष्कर, चार मिनिटं.

पालीकडे बघावं तसं तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मला पानातून उपटून काढलं आणि नावांची यादीही पुसून टाकली. शशिकांतरावांचा फोन आला. ट्रॅकिंग काढलंस तर लोकांचं कळणार कसं रे, म्हणाले.

"फोन करून विचारू, काका."

पुसलेल्या सहापैकी पाच कीर्तनं एका जुन्या डिस्कवर सापडली. काल्याचं सापडलं नाही. त्याने बेसमेंटमधले खोके पालथे घातले, मंडळातल्या प्रत्येक घरी विचारलं. कुठेच नव्हतं.

आता तो दर रविवारी एडमंटनला फोन करतो. अरुणाकाकू पलंगाशी बसून ते कीर्तन आठवेल तसं स्वतः म्हणतात. पूर्वरंगात अडखळतात, आख्यानातल्या दोन चाली विसरल्या आहेत. जयजयकार मात्र पूर्ण करतात आणि थांबून बघतात. ओठ अजून हललेले नाहीत.

मी पुष्करच्याच संगणकावर एका जुन्या फोल्डरमध्ये पडून आहे, आणि तिथेच कुजावं हे बरं. मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठे होऊन माझ्यासारखे ठिपके बनवाल. बनवा, पण ज्याला मोजणार आहात त्याला आधी सांगा. त्याची परवानगी घ्या. त्याचं नाव चव्हाट्यावर मांडून हसू नका. आणि समोर कोणी काही न दाबता, हात जोडून नुसतंच बसलेलं असेल, तर ते माणूस उठून गेलं असं लिहू नका. मी लिहिलं होतं.