जतन झाले

सकाळपासून ऑफिसात कुणाचंच काही हलत नव्हतं. जाहिरात विभागातल्या बाईंनी एक बटण दाबलं, उठून चहा करून आणला, तो सावकाश पिऊनही झाला, तरी पडद्यावरचं ते गोल चक्र आपलं फिरतच होतं. मुद्रितशोधक खुर्चीत मागे रेलून छताकडे पाहत बसला होता, आणि खिडकीजवळच्या टेबलाशी, ज्याला सगळे आधी पाठीमागे आणि आताशा तोंडावरही ‘तोफ’ म्हणत, तो ज्येष्ठ वार्ताहर कीबोर्डवर अशी बोटं आपटत होता की जणू समोर कुणी मंत्री बसलाय आणि उत्तर द्यायचं टाळतोय.

त्याच्याकडे वेळ नव्हता. काही महिन्यांपूर्वी एका उंच इमारतीची लिफ्ट दोरासकट खाली आली होती. आत सफाई करणाऱ्या पाच बायका होत्या. एकही वाचली नाही. दोर झिजलाय, बदला, असं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस वर्षभर सांगत होता आणि दर वेळी वरून एकच उत्तर यायचं: झालं, बदलला. कुणीही बदलला नव्हता. ‘झालं’ या एका शब्दानं माणसं मारली, असं तोफेनं पहिल्याच बातमीत लिहिलं होतं आणि त्या वाक्यासाठी इमारतीच्या मालकांची नोटीस, संपादकांची कुरकुर आणि घरी बायकोचं मौन, असं सगळं अंगावर घेतलं होतं. चौकशी समिती आज साक्षी घेणं बंद करणार होती. लिफ्टवाल्यानं तोफेसमोर बसून जे सांगितलं होतं त्याचं रेकॉर्डिंग आणि उतरवून काढलेला मजकूर आज संध्याकाळच्या आत समितीपुढे गेला नाही, तर अपघात म्हणून प्रकरण मिटणार होतं. लिफ्टवाला स्वतः यायलाही तयार झाला होता, पण एका अटीवर: साहेब, तुम्ही बरोबर पाहिजे.

आणि इथं एक ओळ टंकली की ती जतन व्हायला माणूस म्हातारा होत होता.

दुपार कलायला लागली तेव्हा तो उठला आणि जिना उतरून तळघरात गेला. सर्व्हरच्या खोलीत बाराही महिने थंडी असे, म्हणून ती खोली सांभाळणारी बाई उन्हाळ्यातही स्वेटर घालून बसायची. वर प्रत्येकाच्या टेबलावर दिसत ते नुसते पडदे. सगळ्यांचे कॉम्प्युटर खाली या एकाच पेटीत भाडेकरूंसारखे दाटीवाटीनं राहत होते, आणि एवढ्या बिऱ्हाडांना मिळून नळ एकच होता, तो म्हणजे डिस्क.

“काय बाई, पेटीला झोप लागली काय?”

“ओरडू नका. आवाजानं डिस्क हलते.”

“खरंच?”

“एरवी नाही. तुमच्या आवाजानं हलेल.” तिनं पडद्यावरून नजर न काढता एका पिवळ्या त्रिकोणाकडे बोट दाखवलं. “बॅटरी मेलीय. डिस्कच्या कार्डावर एक छोटी बॅटरी असते. तुम्ही काही लिहिलं की कार्ड ते आधी स्वतःजवळ ठेवून घेतं, तुम्हाला लगेच ‘झालं’ म्हणून सांगतं, आणि मग सवडीनं डिस्कवर उतरवतं. मध्येच वीज गेली तर हातातलं सांडू नये म्हणून ती बॅटरी. आता ती नाही, म्हणून कार्ड घाबरलंय. प्रत्येक गोष्ट खरोखर डिस्कवर लिहून झाल्याशिवाय ‘झालं’ म्हणत नाही.”

“म्हणजे इतकी वर्षं ही पेटी खोटं बोलत होती?”

“खोटं नाही हो. खरं, फक्त थोडं आधी.”

“आणि आता प्रामाणिक झाली म्हणून हळू झाली.”

“असंच म्हणा.”

एरवी या वाक्यावर त्यानं निम्मा रकाना लिहिला असता. आज तो म्हणाला, “नवी कधी येणार?”

“आज मागवली तर परवा. फार तर तेरवा.”

“मला आज पाहिजे.”

तिची नजर पडद्याच्या एका कोपऱ्याकडे जाऊन चटकन परत आली, आणि तेवढ्यावरून त्याला कळलं की दुसरा काहीतरी मार्ग आहे. चाळीस वर्षं माणसं बोलती करण्यात गेली होती त्याची. शेवटी ती म्हणाली की एक चौकोन आहे, त्यात खूण केली की बॅटरी नसली तरी कार्ड पूर्वीसारखं चालतं. “पण शेजारी लाल अक्षरात लिहिलंय, करू नका म्हणून.”

“यूपीएस आहे ना?”

“त्याच्या बॅटऱ्या म्हणजे हिच्या जुळ्या बहिणी. एकाच वर्षी आणल्यात.”

“जनरेटर?”

“सुरू होण्याआधी खोकतो. हातातलं सांडायला तेवढा खोकला पुरेल.”

मग तो ओरडला. त्या बायकांची नावं घेऊन ओरडला, त्यांच्या घरी कोण कोण आहे ते सांगत ओरडला, आणि एका चौकोनाच्या भीतीनं त्यांचा न्याय तळघरात कुजवणार का, असंही म्हणाला. बाईनं स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. “तुम्ही सांगताय म्हणून करतेय, सर. उद्या माझ्यावर बातमी लिहू नका.” तिनं खूण केली. पेटीचा आवाज बदलला नाही, दिवे पूर्वीसारखेच लुकलुकत राहिले, फक्त पिवळा त्रिकोण नाहीसा झाला.

वर येईपर्यंत ऑफिसात जीव आला होता. तोफ बसला आणि सपासप उतरवत गेला; कानात लिफ्टवाल्याचा जाड, थांबत थांबत येणारा आवाज, बोटांखाली शब्द, आणि दर परिच्छेदाला कोपऱ्यात दोन हिरवे शब्द: जतन झाले. इतकं भराभर काम त्याच्या हातून कित्येक दिवसांत झालं नव्हतं. शेवटच्या भागाशी आल्यावर मात्र त्याला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. बटण दाबायला त्यानं बोट उचललं होतं, अजून टेकवलं नव्हतं, आणि कोपऱ्यात ते दोन शब्द येऊन बसले होते. त्यानं बोट तसंच हवेत धरलं. शब्द हलले नाहीत. डोळे शिणले असतील, असं म्हणून त्यानं बटण दाबलं. पण दाबताना आपण उगाच दाबतोय असं काहीतरी वाटून गेलं.

छापलेली पानं घेऊन तो संपादकांच्या केबिनकडे गेला. दारातच होता, तोच आतून आवाज आला, “वाचलं. उत्तम आहे. द्या पाठवून.”

“पानं माझ्या हातात आहेत.”

“हो हो,” संपादक म्हणाले आणि प्रसन्नपणे त्याच्याकडे पाहत राहिले. हा माणूस आजवर स्वल्पविरामावरूनही अडून बसत आला होता. तोफेला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण तो पानं घट्ट धरून उलट पावली फिरला.

टेबलाशी येऊन त्यानं घरी फोन लावला. स्वयंपाकघरातला नळ आठवडाभर गळत होता आणि प्लंबर आज यायचा होता. त्याला चौकशी करायची होती नळाची, आणि खरं तर नुसता आवाज ऐकायचा होता.

“हो, आला होता. झाला नळ,” बायको म्हणाली.

“अगं, मी अजून विचारलं कुठं?”

“झाला म्हटलं ना. अगदी छान झाला.”

तिच्या बोलण्यामागे, रिकाम्या स्वयंपाकघरात, भांड्यावर पडणारा थेंब त्याला स्वच्छ ऐकू येत होता. टप. टप. टप.

“अगं, तो आवाज कसला?”

“कुठला आवाज?” तिनं विचारलं, आणि थेंब पडत राहिले.

तो पुन्हा तळघराकडे धावला. बाई त्याच खुर्चीत, त्याच पडद्यासमोर होती. “पाहिलं मी,” ती म्हणाली, तो जिन्यावर असतानाच. “बॅटरी पण मागवली.”

“कुणाकडून मागवली?”

तिनं तोंड उघडलं, आणि उघडंच ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर कुणीतरी खिसे चाचपडत असावं तशी एक धडपड दिसली आणि विरली. पडद्यावर एक पट्टी होती. डिस्कवर उतरायचं जे बाकी आहे त्याची. ती पट्टी कमी होत जायला हवी एवढं तोफेलाही कळत होतं. ती डावीकडून उजवीकडे सावकाश भरत चालली होती.

“हे उतरत का नाही?”

“उतरलंय की,” बाई समजुतीच्या सुरात म्हणाली.

“बाई, ती खूण काढा. आत्ताच्या आत्ता.”

“काढली,” ती म्हणाली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

तो तिथं अधिक थांबला नाही. भांडायला माणूस समोर असावा लागतो. इथं प्रत्येक जण आधीच कबूल झालेला होता. वर येऊन त्यानं रेकॉर्डिंग आणि मजकूर पेन ड्राइव्हवर घेतला, बटणाला हात लावण्याआधीच कॉपी झाल्याचं कळलं, तरी त्यानं हट्टानं तीन-तीनदा घेतला, ड्राइव्ह मुठीत घट्ट धरला आणि टॅक्सी केली. वाटेत त्यानं ठरवलं की आज कुणाच्या ‘झालं’वर विश्वास ठेवायचा नाही. साक्ष आपल्या कानांनी ऐकायची, कागदावर उमटलेली आपल्या डोळ्यांनी पाहायची, आणि मगच जागचं हलायचं.

समितीचं कार्यालय एका जुन्या सरकारी इमारतीत होतं. लांब बोळ, भिंतीला टेकलेला लाकडी बाक, वर कुरकुरणारा पंखा, आणि टोकाला अर्धी काच असलेलं दार. बाकावर लिफ्टवाला बसला होता. ठेवणीतला शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर, छायाचित्राला बसावं तसे. तोफेला पाहताच तो हसला.

“दिली साहेब साक्ष. मोकळा झालो.”

“मी येण्याआधीच? माझ्याशिवाय आत जाणार नव्हतास ना तू?”

“गेलो खरा. सगळं सांगितलं.”

“काय काय सांगितलंस?”

लिफ्टवाल्याचं हसू जागेवरच राहिलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत हलक्या आवाजात म्हणाला, “सगळं, साहेब.”

“दोराचं सांगितलंस? कुणी ‘बदलला’ म्हणून कळवलं, त्याचं नाव घेतलंस?”

“सांगितलं म्हटलं ना.”

दार उघडून कारकून बाहेर आला. चष्मा कपाळावर, बगलेत छत्री, निघायच्या तयारीत. “नोंद झाली आहे, आपलं रेकॉर्डिंगही मिळालं आहे,” तो म्हणाला.

तोफेनं मूठ पुढे केली आणि उघडली. पेन ड्राइव्ह तळहातावर होता. “हे काय आहे मग?”

कारकुनानं त्याकडे पाहिलं, आदरानं मान लववली. “मिळालं, साहेब.”

“मिळालं नाही! हे बघ, माझ्या हातात आहे. घे. हात पुढे कर आणि घे. मला पावती नको, सही नको, तू हे घेतलेलं मला पाहायचंय.” त्याचा आवाज बोळभर घुमला. लिफ्टवाला दचकून उभा राहिला. “आणि याला आत ने. याला पुन्हा विचार. जे विचारायचं ते माझ्यासमोर विचार. पाच घरं या एका माणसाच्या शब्दावर थांबलीत, त्यांना मी काय सांगू? झालं म्हणून?”

कारकुनाचा चेहरा पहिल्यांदाच जरा विस्कटला. त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला, हात पुढे केला. त्याची बोटं ड्राइव्हपर्यंत आली, आणि बोळातले दिवे गेले.

फार वेळ नाही. पंख्याची गती मंद झाली, पाती एकेक मोजता येतील इतकी मंद, आणि कुठंतरी इमारतीच्या पोटात एक जनरेटर खोकला, पुन्हा खोकला, आणि सुरू झाला. दिवे आले. पंखा कुरकुरत फिरू लागला. पण मधल्या तेवढ्या वेळात हातातलं सांडलं होतं.

बोळाच्या टोकाचं दार बंद होतं. बोळात कारकून नव्हता, काचेमागेही कुणी दिसत नव्हतं. बाकावर एक वयस्क गृहस्थ बसला होता. घशाला कोरड पडली होती, खूप ओरडल्यावर पडते तशी, पण आज आपण कुणावर ओरडलो ते काही केल्या त्याला आठवेना. समोर ठेवणीतला शर्ट घातलेला एक माणूस संकोचून उभा होता.

“बसू का इथं?” त्या माणसानं विचारलं. “की कुणी येणार आहे?”

“बसा की.” गृहस्थ सरकला. माणूस सरळ वाटत होता. कशासाठी आलात, असं विचारावंसं वाटलं त्याला, पण मग त्या माणसानंही उलट तेच विचारलं असतं.

मुठीत काहीतरी टोचत होतं. त्यानं ती उघडून पाहिली आणि तळहातावरची ती छोटीशी वस्तू बाकावर, दोघांच्या मध्ये ठेवली.

“तुमचा आहे का हो हा?”

“नाही,” तो माणूस म्हणाला. “मला वाटलं तुमचाच.”