हिरवी टीप

"हे हिरव्या अक्षरांतलं कुणी लिहिलंय?" म्हाताऱ्या गृहस्थांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला.

आमचं काम घरच्या रुग्णांसाठी सेविका पुरवण्याचं. चौकशी आली की मी घरी जाऊन रुग्ण पाहते आणि प्रस्ताव लिहिते: कामाचे तास, कामं, दर, अटी. शेवटी आमच्या संस्थेच्या मालकीणबाईंसाठी हिरव्या अक्षरांत खरं काय ते टाकते. त्यांनी वाचलं की टीप पुसायची आणि प्रस्ताव पाठवायचा. बारा वर्षं हेच. प्रस्तावात माझी भाषा साखरेत घोळलेली. टिपेत मात्र जिभेला हाड नाही. मालकीणबाई पोट धरून हसायच्या आणि मला आणखी चेव यायचा.

परवा टीप पुसायची राहिली.

'पेशंटला काही कळत नाही. नुसता ओंडका. समोर काहीही बोललं तरी चालतं. अगदी नवखी मुलगी दिली तरी खपेल.'

"काका, चूक झाली. माफ करा," मी कसंबसं म्हणाले.

"माझं सोडा हो." ते खुर्चीत टेकले. "झटका आल्यापासून हिची वाचा गेलीय. मी हिला सगळं वाचून दाखवतो. पेपर, पत्रं, विजेचं बिलसुद्धा. हेही वाचत होतो. कोण येणार, काय काय करणार, छान लिहिलं होतंत तुम्ही. माझा हात धरून ऐकत होती. वाचायच्या ओघात पुढचंही वाचून गेलो."

मी तो कागद उलटा करून ठेवला.

"हिनं हात काढून घेतला," ते म्हणाले. "तेवढंच करता येतं हिला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या घरात मी चांगली पंधरा मिनिटं होते. पलंगाची उंची पाहिली, औषधं पाहिली, न्हाणीघराचं दार मोजलं. त्या बाईंच्या तोंडाकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"दुसऱ्या एका संस्थेचा नंबर देऊ का? चांगली माणसं आहेत."

"नको. हेच नवीन लिहून द्या. घरी जाऊन वाचून दाखवतो. आधीचं दुसऱ्याच कुणाचं होतं, चुकून आपल्याकडे आलं, असं सांगेन. हिच्याशी खोटं बोललो नाही कधी. पण एवढं बोलेन."

माझ्या पापावर पांघरूण घालायला या माणसाला म्हातारपणी खोटं बोलावं लागणार होतं. ते रागावले असते, चार शब्द सुनावले असते, तर बरं वाटलं असतं.

मी कोरं पान उघडलं. सवयीने 'प्रति' लिहून त्यांचं नाव टाकलं आणि लगेच पुसलं. हे पत्र त्यांना नव्हतंच. बोटं तिथेच अडली. या बाईंवर मी तीन पानं लिहिली होती.

"काका," मान वर न करता मी विचारलं, "काकूंचं नाव काय?"