सत्तावीस नंबरची वायर

चाळीस वर्षं सोनईच्या नाक्यावर ट्रॅक्टर-टेम्पोच्या वायरिंगमध्ये हात काळे केलेल्या बाबाजानला साठीला पुन्हा शाळेत बसावं लागलं. मास्तरीण कोण, तर त्याच्या अंगाखांद्यावर खेळलेली रोहिणी. इंजिनिअर झालेली ही पोरगी शिंगणापुरात बापाच्या शेडमध्ये विमान बांधत होती. लाकडी सांगाडा, वरून कापड. गाव हसायचं. बाबाजानही हसला होता, पण वायरिंगला तुम्हीच चला म्हटल्यावर गडी फुगला.

तो फुगा पहिल्याच दिवशी फुटला. ट्रॅक्टरला अर्थिंगची वायर कुठेही टेकवा, सगळं अंग लोखंडाचं. इथे लाकडाला काय टेकवणार? प्रत्येक वायरीला परतीची वायर वेगळी. तारांना पीळ देऊन टेप गुंडाळायची, हे तर बंदच. टोकाला थिंबल, म्हणजे धातूची छोटी टोपी घालायची, पकडीने दाबायची. वायर कमी पडली तर मध्ये जोड नाही, अख्खी नवी टाकायची. वर रोहिणीचा नियम असा, की त्याने बसवलेली वायर तिने ओढून बघायची आणि मगच वहीत सही करायची. म्हातारा मान खाली घालून शिकला, आणि खरं सांगायचं तर छान शिकला.

सत्तावीस नंबरची वायर पेट्रोलच्या पंपाची. सीटखाली ती वीतभर कमी पडली. नवी ओढायची म्हणजे अर्धा दिवस गेला. बाबाजानने काही ठरवलं नव्हतं; हातांनीच पीळ दिला, दातांनीच टेप तोडली. रोहिणीला सांगू सावकाश, मनाशी म्हणाला. संध्याकाळी वहीत तिची सही दिसली आणि त्याला हायसं वाटलं. पोरीने बघितलं असेल, चाललं असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. चार दिवसांनी वरून कापड चढवायला घेतलं.

परवानगीचा कागद आला. गुरुवारी रोहिणी एकटीच विमान वर नेणार होती.

बुधवारी सकाळी काकासाहेब या जुन्या गिऱ्हाइकाचा ट्रॅक्टर दुकानात आला. चालता चालता बंद पडला होता. बाबाजानने झाकण काढलं, तर त्याचाच जुना जोड टेपच्या आत सुटलेला. काकासाहेब हसून म्हणाले, उतरलो, वायर हलवली, आलो. बाबाजानच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या ही पोरगी कुठे उतरणार होती?

दुकान तसंच टाकून तो शिंगणापूरला गेला. गावच्या रिवाजाप्रमाणे शेडला दार नव्हतंच. सरळ आत शिरून त्याने सांगून टाकलं.

"सत्तावीसला मी पीळ दिलाय. कापडाच्या आत हाय."

 रोहिणीने ब्लेड घेतलं आणि महिनाभर ताणून, रंगवून बसवलेलं कापड चिरलं. टेप सोडली तर दोनच तारा एकमेकींना धरून होत्या, बाकीच्या केव्हाच मोकळ्या झालेल्या.  बाबाजानला स्वतःची लाज वाटत होती, आणि तिचा रागही येत होता.

"मी चुकलो, बेटा. पन सही तुझी हाय. तू ओढून न्हाई बघितली?"

"न्हाई." ती वायरीकडेच बघत होती. "चाचा, आमच्या घराला कधी कडी लागली न्हाई. आल्यागेल्यावर नजर ठेवायची न्हाई, हेच शिकले. तुमी केलेलं काम मी ओढून बघायचं, हात धजला न्हाई."

"न बघितलेली ही एकच ना?" बाबाजानने विचारलं.

रोहिणीने वही उघडली. पहिल्या पानावर, एक नंबरच्या वायरीपुढे तिची सही होती. ती तिने पेनाने खोडली. मग दुसरी, मग तिसरी. चौसष्ट वायरी होत्या. बाबाजानने खाली पडलेलं ब्लेड उचललं आणि शेपटीकडून कापड चिरायला घेतलं.