फळीवरची जागा

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. लगेच नाकं मुरडू नका. मी कपाटातली फळी नाही आणि पुस्तकांची तर नाहीच. मी जेवणाच्या टेबलाची जादाची फळी आहे. काही टेबलं मधोमध उघडतात. दोन टोकांना दोघांनी धरून ओढलं की मध्ये फट पडते, आणि त्या फटीत जी बसते ती मी. मला बसवलं की टेबलाला दोन जागा वाढतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. एरवी वर्षभर मला काही काम नसतं, आणि घरात बिनकामाच्याला काय मान मिळतो ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

टेबल आणि मी एकाच ओंडक्यातून निघालो. आम्हाला घडवणारा सुतार मोठा नेटका माणूस होता. त्याने टेबलावर जेवढा रंधा फिरवला तेवढाच माझ्यावर फिरवला, आणि पॉलिशही दोघांना सारखंच पाजलं. माझ्या एका कडेला त्याने लाकडी खुंट्या बसवल्या आणि दुसऱ्या कडेला भोकं पाडली, म्हणजे मी टेबलात घट्ट रुतून बसावी. आमचं गिऱ्हाईक एक घड्याळजी होता. दिवसभर घड्याळांच्या पोटात डोकं घालून बसणाऱ्या माणसाची नजर ती! त्याने माझ्या सांध्यावरून नख फिरवून पाहिलं. नख कुठेच अडलं नाही, तेव्हा कुठे स्वारीने मान हलवली.

त्याच्या घरात तो, आई आणि दोन मुलगे, थोरला आणि धाकटा. आई म्हणजे मुलांची आई. पण घरीदारी सगळे तिला आईच म्हणत, म्हणून मीही म्हणते. चौघांना ते टेबल पुरून उरत होतं. मग मला कशाला घेतलं? तर ईस्टरच्या जेवणासाठी. त्या दिवशी या घरी पाहुणा असणारच.

सकाळची चर्चमधली उपासना आटोपून मंडळी घरी आली की नुसती धांदल उडायची. भट्टीत मांस भाजत असायचं, सोललेले बटाटे पाण्यात पडलेले असायचे, आणि अंडी रंगवायला बसलेली पोरं स्वतःचीच नाकं रंगवून मोकळी झालेली असायची. मग घड्याळजी मला कपाटामागून बाहेर काढायचा, माझ्यावरची धूळ पुसायचा आणि पोरांच्या मदतीने मला टेबलात बसवायचा. खुंट्या भोकांत गेल्या की तळहाताने माझ्यावर दोन थापा मारायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, “ज्याच्यामुळे टेबल वाढलं, तो इथे बसणार!”

ही त्या घराची पद्धत होती. जो कोणी नवा असेल, त्याची जागा माझ्यापाशी. एका वर्षी खालच्या मजल्यावर एक नर्सबाई नव्याने राहायला आल्या होत्या. बाई एकट्या होत्या. बोलावलं म्हणून आल्या खऱ्या, पण दारातच घुटमळल्या. “मी आपली कोपऱ्यात बसते,” म्हणाल्या.

“कोपऱ्यात घरचे बसतात,” घड्याळजी म्हणाला. “तुम्ही फळीवर.”

नर्सबाई माझ्यापाशी बसल्या आणि दोनदा मागून मागून जेवल्या. पुढे त्या घरच्याच झाल्या आणि कोपऱ्यात बसू लागल्या.

आता तुमच्यापासून काय लपवू? ती जागा मानाची असली तरी सुखाची मुळीच नाही. ताट माझ्या सांध्यावर आलं की डुगडुगतं. खालची दांडी गुडघ्याला लागते. शिवाय टेबल खिडकीशी उन्हात राहून फिकं पडलं आणि मी कपाटामागे राहून गडदच राहिले. त्यामुळे आम्ही एकत्र आलो की मी विजारीला लावलेल्या ठिगळासारखी दिसायचे. पण घड्याळजीची थाप पडली की या कशाचंच कुणाला काही वाटत नसे.

मग घड्याळजी वारला. आजार छातीचा होता आणि लांबला नाही.

त्यानंतरच्या ईस्टरला घरात नवी सून होती. थोरल्याचं नुकतंच लग्न झालं होतं. धाकटा तिला वहिनी म्हणतो, आपणही वहिनीच म्हणू. पोरांनी मला टेबलात बसवलं. आईने वहिनीला हाताला धरून माझ्यापाशी आणून बसवलं. पण थाप मारायला कुणाचा हात पुढे होईना, आणि ते वाक्य म्हणायला कुणाचा आवाज फुटेना. सगळ्यांना घड्याळजीची रिकामी खुर्ची दिसत होती. जो तो ताटाकडे बघत जेवला. प्रत्येकाला वाटलं, या जागेचा मान वहिनीला कळलाच असेल.

कळणार कसा? बिचारीला दिसलं ते ठिगळ. लागली ती दांडी. वर ताट डुगडुगून गरम सूप नव्याकोऱ्या कपड्यांवर सांडलं. दुसऱ्या दिवशी मला कपाटामागे सरकवताना ती नवऱ्याला म्हणाली, “नव्या माणसाला घरातली सगळ्यात वाईट जागा द्यायची, अशी पद्धत आहे वाटतं तुमच्याकडे?”

थोरला वर्तमानपत्रात गुंग होता. “हं,” म्हणाला.

मित्रांनो, मला तोंड असतं तर त्याच क्षणी ओरडले असते. पण फळीला कुठलं तोंड! तो ‘हं’ पुढे सगळ्यांना महागात पडला.

मधली काही वर्षं घरात कुणी नवं आलं नाही, मलाही कुणी बाहेर काढलं नाही. मग धाकट्याचं लग्न झालं आणि त्याने वेगळं बिऱ्हाड केलं. त्या ईस्टरला आईचा हात दुखावलेला होता, म्हणून सगळं जेवण प्रथमच वहिनीच्या अंगावर आलं. नर्सबाईंची नेमकी इस्पितळात पाळी होती, त्या नव्हत्या. पदर खोचून म्हणतात ना, तशी वहिनी कामाला लागली. आदल्या दिवशीच मसाला लावून मांस मुरत ठेवलं, पहाटे उठून केक केला. मला मात्र तिने कपाटामागेच ठेवलं. “माझं जे झालं ते हिचं नको व्हायला,” असं पुटपुटत तिने खिडकीशी एक लहान गोल टेबल मांडलं, त्यावर लेसचं कापड घातलं, फुलं ठेवली आणि घरातल्या दोन चांगल्या खुर्च्या लावल्या. नव्या जोडप्यासाठी.

धाकटा बायकोला घेऊन आला. आल्या आल्या त्याची नजर मोठ्या टेबलाकडे गेली. टेबल मिटलेलं.

“फळी कुठाय?” त्याने विचारलं.

“असू द्या ती कपाटामागे,” वहिनी हौसेने म्हणाली. “तुमची दोघांची जागा तिकडे खिडकीशी मांडलीये.”

धाकट्याचा चेहरा पडला. “आमच्यासाठी फळी काढण्याइतकंही कुणाला वाटलं नाही? बाबा असते तर टेबल वाढलं असतं,” एवढं बोलून तो बायकोला घेऊन तडक निघून गेला. सूप वाढेपर्यंतही थांबला नाही. वहिनी हातात डाव घेऊन तशीच उभी राहिली. पहाटेपासून राबलेल्या बाईला काय वाटलं असेल, सांगा. आईला वाटलं सुनेने जाणूनबुजून केलं. थोरल्याला वाटलं भाऊ उगाच रागावला. कुणी कुणाला काही विचारलं नाही. धाकट्याचं येणं बंद झालं ते झालंच.

वहिनीचा राग निघाला माझ्यावर. तिने मला उचललं आणि गॅलरीत विटांवर आडवं टाकून माझ्यावर कुंड्या मांडल्या. रोजचं पाणी माझ्यात मुरू लागलं, दुपारचं ऊन सोसेना. कुंड्यांचे गोल वळ माझ्या पॉलिशवर उमटले आणि हळूहळू मला पोक आलं. पावसात भिजायची, उन्हात वाळायची. माझी किंमत एवढीच उरली की माझ्यावरची जास्वंद बरी फुलत होती.

या वर्षी आई मोठ्या दुखण्यातून उठली. उठल्यावर तिने गॅलरीच्या दाराशी बसून धाकट्याला फोन लावला. मी ऐकत होते. “मला औषधं नकोत आणि फळं नकोत,” ती म्हणाली. “तुम्ही दोघं भाऊ एका टेबलावर बसून जेवलेलं मला बघायचं आहे. एवढं एक कर.” पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. पण आईने डोळे पुसले, म्हणजे तो येणार होता.

वहिनीला मात्र एकच घोर लागला. पुन्हा जागेवरून काही झालं तर? तिने खूप विचार करून एक तोड काढली. टेबलावर जेवण मांडायचं आणि ज्याने त्याने ताट हातात घेऊन उभ्याउभ्या जेवायचं. जागाच नको आणि रुसवाही नको. आई ‘बरं’ म्हणाली. पण मला कळलं की तिचं मागणं राहूनच जाणार.

ईस्टरचा दिवस आला. धाकटा आला, त्याची बायको आली, तिला आपण धाकटी म्हणू, आणि त्यांची लहानगी मुलगी चिमणी आली. नर्सबाईही आल्या होत्या. जेवण फक्कड झालं होतं, वासानेच मी गॅलरीत ताठ व्हायला बघत होते. पण माणसं भिंतीला पाठ लावून परक्यासारखी उभी होती. “हवा बरी आहे.” “हो, बरी आहे.” “बटाटे छान भाजलेत.” “हो, छान.” बस्स, गाडी त्यापुढे जाईना. आई एकटीच टेबलाशी बसली होती आणि तिच्या ताटातलं अन्न तसंच होतं.

चिमणी फुलं बघायला गॅलरीत आली आणि तिच्या मागे धाकटा. तो वाकला. कुंडी जराशी सरकवली. माझ्या खुंट्या त्याला दिसल्या.

“ही आपली फळी?” तो ओरडलाच. “बाबांची फळी कुंड्यांखाली? आम्ही तुम्हाला नको होतो हे मला कळलं होतं, वहिनी. पण हिने तुमचं काय वाकडं केलं होतं?”

वहिनीने ताट खाली ठेवलं. इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. “काय केलं म्हणून विचारता? माझ्या पहिल्या ईस्टरला सगळ्यांनी मला त्या ठिगळावर बसवलं. ताट डुगडुगत होतं, सूप अंगावर सांडलं, आणि एक जण ‘इकडे सरक’ म्हणाला नाही. तिथे तुमच्या बायकोला बसवू? म्हणून मी खिडकीशी चांगल्यातली चांगली जागा मांडली, भावजी. आणि तुम्ही माझ्या सुपाला तोंडही न लावता निघून गेलात!”

नर्सबाईंच्या तोंडात घास होता, तो त्यांनी कसाबसा गिळला. “अगं बाई, फळीवरची जागा वाईट कुठली? ती तर या घरातली मानाची जागा! मला पहिल्या वर्षी तिथेच बसवलं होतं. ‘ज्याच्यामुळे टेबल वाढलं, तो इथे बसणार,’ असं घड्याळजी दरवर्षी म्हणायचे. तुला नाही सांगितलं कुणी?”

वहिनीने आईकडे पाहिलं. आईने धाकट्याकडे, धाकट्याने थोरल्याकडे.

“तू मला कधी विचारलंस?” थोरला चाचरत म्हणाला.

“विचारलं होतं,” वहिनी म्हणाली. “तुम्ही ‘हं’ म्हणालात.”

आधी धाकटी हसली, मग नर्सबाई, मग सगळेच. थोरला कानापर्यंत लाल झाला. धाकटा वहिनीसमोर जाऊन उभा राहिला. “वहिनी, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे,” एवढंच म्हणाला. “चुकलंच माझं. सूप आहे का अजून?”

“पातेलंभर आहे,” वहिनी डोळे पुसत म्हणाली.

मग काय विचारता! कुंड्या खाली उतरल्या. मला नळाखाली घासून पुसून घरात आणलं. टेबल इतकी वर्षं मिटलेलं, ते काही केल्या उघडेना. एका टोकाला थोरला, दुसऱ्या टोकाला धाकटा. साबण चोळून दोघांनी एकदमच जोर लावला तेव्हा कुठे फट पडली. माझ्या पोकामुळे खुंट्या बसत नव्हत्या. धाकट्याने बूट काढला आणि टाचेने ठोकून ठोकून मला बसवलं. मधोमध उंचवटा राहिला तो राहिलाच. वर पांढरं कापड अंथरलं, ताटं मांडली, खुर्च्या ओढल्या.

वहिनीने धाकटीला हाताला धरून माझ्या एका बाजूला बसवलं. धाकटी तिचा हात सोडीना. “ताई, समोरच्या बाजूला तुम्ही. तुमचंही राहिलंय.”

“मी बसलेय की मागे.”

“तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला.”

वहिनी समोर बसली. दोघे भाऊ आपापल्या बायकोशेजारी बसले. तेवढ्यात आई खुर्चीला धरून उठली आणि माझ्यापाशी आली. हात तिचा अगदी हलका झाला होता. त्या हाताने तिने माझ्यावर दोन थापा मारल्या आणि जे वाक्य त्या वर्षी तिच्या गळ्यातच राहिलं होतं, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

मित्रांनो, आता मी पुन्हा कपाटामागे असते, जुन्या चादरीत गुंडाळलेली. पोक गेलं नाही आणि वळही गेले नाहीत. तुमच्याही घरात अशी एखादी वस्तू असेल, वर्षातून एकदाच लागणारी. तिला ऊनपाण्यात टाकू नका. आणि घरात नवं माणूस आलं की ती कशासाठी आहे, ते त्याला तोंडाने सांगा. आपोआप कळत नसतं ते.

त्या दिवशी वहिनीचं ताट माझ्यावर डुगडुगलंच. सूप थोडं सांडलंही. पण या खेपेला आईने तिच्याकडे बघून “इकडे सरकतेस का?” असं विचारलं, आणि वहिनी म्हणाली, “नाही. मी इथेच बसणार.”